रॉड बांधायला दोरा ए साइजचा घ्यावा की डी? (७ फुटी, खाडीसाठी)

ऐरोलीचा_गरी

नमस्कार मंडळी. बाजारातला रॉड वापरून झाला, आता स्वतः बांधायला घेतलाय. ब्लँक (नुसती काठी) ग्राफाइटचा आहे, ७ फूट, मीडियम हेवी, स्पिनिंगचा, १२ ते २५ पाउंडाच्या लाइनसाठी. गाईड, म्हणजे लाइन ओवायच्या कड्या ज्या दोऱ्याने ब्लँकवर बांधायच्या, टिप धरून आठ, त्यातले मुठीकडचे दोन दोन-पायांचे आणि वरचे पाच एका पायाचे. वापर मुख्यतः उलवे, उरणची बाजू आणि अधूनमधून घोडबंदरला गायमुखकडे. मासा म्हणाल तर जिताडा, तांबोशी, रावस आणि न बोलावता येणारा शिंगाळा.

सगळं सामान आलंय, अडलंय फक्त दोऱ्यापाशी. एक जण म्हणतो ए साइज बारीक आहे, नाजूक रॉडला ठीक, खाडीतल्या जिताड्यासाठी डी शिवाय पर्याय नाही. दुसरा म्हणतो डी आता कोणी वापरत नाही. माझं स्वतःचं मत डी कडे झुकतंय, कारण जाड दोरा म्हणजे पकड जास्त असं सरळ वाटतं. पण ऑर्डर देण्याआधी ज्यांनी बांधलेत त्यांच्याकडून ऐकायचंय. रंगाचंही सांगा, गडद निळा आणि कडेला चंदेरी पट्टी असं डोक्यात आहे.

कोलशेत_किनारा

ए. डोळे झाकून.

दिवाळे_होडीवाला

डोळे झाकून नको भाऊ, उघडे ठेवून डी घे. आमच्याकडं रॉड होडीच्या काठावर आपटतो, बर्फाच्या पेटीवर पडतो, कुणीतरी त्याच्यावर पाय देतो. बारीक दोऱ्यावरचा इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून लावायच्या लेपाचा) थर एकदा टवका उडून गेला की खाली दोरा लगेच कापला जातो, एक वेढा कापला की बाकीचे सैल. जाड दोऱ्यात जीव असतो. माझे होडीवरचे सगळे रॉड डी ने बांधलेत, त्यातले काही मी घेतले तेव्हाच जुने होते, आणि एकाचाही गाईड निघालेला नाही.

मेकॅनिकल_काका_घणसोली

दोघंही थोडं थांबा, आधी आकडे बघू म्हणजे मग भांडायला बरं पडेल.

ए साइजचा दोरा साधारण ०.१५ मिमी जाड असतो, डी साधारण ०.२५ मिमी. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, प्रोरॅप, फूजी, फिशहॉक यांचे ए अगदी तंतोतंत सारखे नसतात, म्हणून एका रॉडवर शक्यतो एकाच कंपनीचा दोरा ठेवावा. मधे बी, सी साइज आहेत पण ते फार कमी मिळतात. डीच्या वर ई आणि ईई, ते मोठ्या ट्रोलिंगच्या रॉडसाठी, आपल्याला त्याचं काम नाही.

आता ऐरोलीच्या रॉडचा हिशोब. दोन-पायांच्या गाईडचे चार रॅप (पायावरची दोऱ्याची गुंडाळी), प्रत्येकी २५ मिमी धरा, तिथे ब्लँकचा व्यास ९ मिमीच्या आसपास असेल. एका रॅपला ए चे १६७ वेढे आणि जवळपास पावणेपाच मीटर दोरा, म्हणजे चार मिळून १९ मीटर. वरचे एका पायाचे पाच, प्रत्येकी १५ मिमी, व्यास सरासरी ४ मिमी, ते सगळे मिळून साडेसहा मीटरच्या आत. एकूण पंचवीस मीटर. १०० यार्डांची रीळ ९१ मीटरची असते, म्हणजे मुठीपुढची पट्टी आणि वाया गेलेला दोरा धरूनही एका रिळात दोन रॉड निघतात. डी ने हेच काम पंधरा मीटरात होतं.

वेढे मोजले तर ए ला ११७० च्या आसपास, डी ला ७००. डीचा खरा फायदा हा आहे, काम लवकर संपतं. पूर्वी कारखान्यात रॉड बांधणाऱ्याला वेळ म्हणजे पैसा होता, म्हणून जड रॉडवर डी चालायचा. ताकद हा मुद्दा वेगळा आहे, तो संध्याकाळी लिहितो, आता कामावर निघालोय.

सानपाडा_सकाळ

वाचतोय. काकांची वाट बघतोय.

रेशीम_नौपाडा

मला मासेमारीतलं फार कळत नाही, नवरा जातो गरवायला आणि रॉड बांधायचं काम माझ्याकडे आलंय कारण घरात बारीक काम मीच करते. मी मशीन एम्ब्रॉयडरी करते तर माझ्याकडे पॉलिस्टरचे ४० नंबरचे चमकदार दोरे शेकड्याने आहेत, प्रत्येक रंगाचे. ते चालतील का? की खास रॉडचाच दोरा लागतो? आणि दुसरं म्हणजे येवल्याचं रेशीम आहे थोडं, पैठणीवाल्यांकडून आणलेलं, ते वापरलं तर किती सुंदर दिसेल असं सारखं मनात येतंय.

गायमुख_गस्त

@रेशीम_नौपाडा ताई, ४० नंबरचा एम्ब्रॉयडरीचा पॉलिस्टर दोरा चालतो, बरेच जण वापरतात. तो जाडीला ए आणि डीच्या मधे येतो. अट एकच, दोरा अखंड तंतूंचा हवा. शिलाई मशीनचा जो साधा दोरा असतो तो छोटे छोटे तंतू पिळून बनवलेला असतो, त्याला लव असते, इपॉक्सी लावली की ती लव उभी राहते आणि वरून खरखरीत लागतं. एम्ब्रॉयडरीवाला अखंड तंतूंचा असतो म्हणून तर चमकतो.

पण एक तपासून घ्या. शिलाईच्या काही दोऱ्यांना सुई गरम होऊ नये म्हणून सिलिकॉन लावलेलं असतं. तसा दोरा असेल तर इपॉक्सी त्याच्यावर बसत नाही, गोल गोल खड्डे पडतात. जुन्या काडीवर इंचभर गुंडाळून इपॉक्सी लावून दोन दिवस बघा. आणि चपला, बॅगा शिवायचा जो जाड बाँडेड नायलॉन असतो तो अजिबात नको, त्याच्यावर आधीच थर असतो, इपॉक्सी आत मुरत नाही.

रेशमाबद्दल माझ्यापेक्षा जुने लोक सांगतील.

पवईचा_जुना

रेशीम म्हटल्यावर लिहावंच लागतंय. नायलॉन येण्याआधी सगळे रॉड रेशमानेच बांधायचे, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून जे सहा बाजूंचे रॉड बनतात ते आजही रेशमानेच बांधतात. पवईला अँगलिंग असोसिएशनच्या काठावर जुन्या मंडळींकडे असे रॉड मी हातात घेऊन पाहिलेत, व्हार्निशखालचं रेशीम असं दिसतं की डोळा हटत नाही. तिथे ए सुद्धा जाड समजतात, ००, ३/० असे त्याहून बारीक दोरे वापरतात.

ताई, येवल्याचं रेशीम वापरायला हरकत नाही, पण दोन गोष्टी. विणकामाचं रेशीम फार कमी पिळाचं किंवा बिनपिळाचं असू शकतं, ते ब्लँकवर चपटं पसरतं आणि तंतू सुटतात. पिळाचं असेल तर उत्तम. आणि दुसरं, रेशमावर व्हार्निश किंवा इपॉक्सी लागली की रंग गडद होतो, फिके रंग तर जवळपास पारदर्शक होतात आणि खालचा ब्लँक दिसायला लागतो. बांबूवर ते फार छान दिसतं, लाकडाचा रंग वर येतो. काळ्या ग्राफाइटवर मात्र तुमचा मोरपिशी काळपट होऊन जाईल. यजमानांसाठी बांबूची काठी बनवा, येवल्याचं रेशीम तिच्यासाठी राखून ठेवा.

रेशीम_नौपाडा

धन्यवाद दादा. मोरपिशी नाही, जांभळं आहे :) बांबूचं मनावर घेते.

तुर्भे_टाइमपास

मांजा चालेल का? घरात संक्रांतीची फिरकी पडलीय.

गायमुख_गस्त

@तुर्भे नाही. काचेची पूड लावलेला दोरा ब्लँकवर गुंडाळायचा म्हणजे ब्लँकवर करवत चालवायची. आणि नायलॉन मांजाची फिरकी असेल तर ती कुठेच वापरू नका, २०१७ पासून देशभर बंदी आहे.

मेकॅनिकल_काका_घणसोली

आता ताकदीचं बोलू. दिवाळे, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो.

मासा ओढतो तेव्हा दोऱ्यावर ताण येतो तो कसा? गाईड ब्लँकच्या खालच्या बाजूला, स्पिनिंगमधे, आणि रॉड वाकला की लाइन गाईडला ब्लँकपासून लांब ओढते. तो भार एका वेढ्यावर येत नाही, शे-दीडशे वेढ्यांमधे वाटला जातो आणि वर इपॉक्सी सगळ्यांना एकजीव करून धरते. २५ पाउंडाची लाइन ज्या भाराला तुटेल त्याच्या कितीतरी आधी तुमचा ड्रॅग (लाइन रोखणारा ब्रेक) सुटलेला असतो. ए चे शंभर वेढे हा भार आरामात घेतात. होडीवरून खोल पाण्यात जिगिंग करणारे, ज्यांचे मासे आपल्या जिताड्यापेक्षा कितीतरी जड, ते सुद्धा आज सर्रास ए वापरतात.

माझ्याकडे दुरुस्तीला जे रॉड येतात त्यात गाईड सैल झालेला असतो तेव्हा दोरा तुटल्यामुळे झालेला मी जवळजवळ पाहिलाच नाही. कारणं ठरलेली. एक, गाईडच्या पायाचं टोक घासलेलं नसतं. कारखान्यातून पाय येतो तो टोकाला बोथट, पायरीसारखा असतो, दोरा ब्लँकवरून त्या पायरीवर चढताना मधे फट राहते, त्या फटीत इपॉक्सी नीट भरत नाही, पाणी शिरतं, खारं पाणी, मग पायाला गंज आणि वर तडा. दोन, इपॉक्सीचं माप चुकलेलं. तीन, दोरा गुंडाळताना वेढे एकमेकांना भिडवलेले नसतात.

आणि इथे ए चा फायदा आहे. पाय बारीक कानशीने घासून टोक कागदासारखं पातळ केलं, खालची बाजू पॉलिश पेपरवर सपाट केली की बारीक दोरा त्या उतारावर एकेक वेढा करत चढतो, फट राहत नाही. एका पायाच्या गाईडचा पाय आधीच छोटा, त्याच्यावर डी चे जेमतेम पन्नास-साठ वेढे बसणार, ए चे शंभर. पकड हवी असेल तर तिथे उलट ए जास्त देतो.

वजनाचंही बघा. दोऱ्याचं वजन नगण्य, पण डी चे वेढे गोल आणि मोठे, त्यांच्या मधल्या खाचा खोल, त्या भरून वर सपाट काच यायला इपॉक्सीचा एक हात जास्त लागतो, नाहीतर पृष्ठभाग पन्हळी पत्र्यासारखा दिसतो. हे सगळं वजन रॉडच्या वरच्या तिसऱ्या भागात गेलं की टीप सुस्त होते. ७ फुटी ग्राफाइटचा ब्लँक तुम्ही हलका म्हणून पैसे देऊन घेतलात, तो हलका राहू द्या.

दिवाळे_होडीवाला

काका तुमचा हिशोब पटला, पाय घासायचं तर शंभर टक्के पटलं. पण मी जे म्हणतो ते मासा ओढण्याबद्दल नाय, मार खाण्याबद्दल हाय. माझा रॉड साडेपाच फुटाचा फायबर ग्लासचा, मनगटाएवढा नाय पण अंगठ्याएवढा जाड, ५० पाउंडाची लाइन, घोळ आणि मोठा शिंगाळा यांच्यासाठी. त्याची टीप सुस्त झाली तरी मला काय फरक नाय पडत. त्याला डी लागतोच.

मेकॅनिकल_काका_घणसोली

त्या रॉडला डी, शंभर टक्के. आणि खाली ए चा अस्तर रॅप, म्हणजे आधी ब्लँकवर एक थर, त्याच्यावर गाईड ठेवून वरून डी. धातूचा पाय ब्लँकवर थेट घासत नाही. जड रॉडला हे हवंच.

दिवाळे_होडीवाला

तसंच केलंय. मग भांडण मिटलं.

कोलशेत_किनारा

म्हणजे मी पहिल्या ओळीत जे लिहिलं तेच :)

उरण_उधाण

जिताड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. उधाणाच्या भरतीला जिताडा वर चढतो, खांबांना चिकटून असतो, त्या खांबांवर कालवं असतात. लागला की पहिल्या झटक्यात खांबाकडे धावतो, पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, गालाची कड ब्लेडसारखी असते त्याने लीडर (गळाजवळचा लाइनचा तुकडा) कापतो. त्यावेळी रॉड जो वाकतो त्यात जोर येतो मुठीकडच्या गाईडवर आणि मधल्या भागावर. ऐरोलीकर, तुमचे दोन-पायांचे जे दोन आहेत त्यांना बाहेरच्या कडेला चार-पाच मिमी जास्त रॅप द्या. दोऱ्याचा साइज बदलायची गरज नाही. आणि भांगाला (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) गेलात तर जिताड्याची आशा कमी ठेवा, पाणीच हलत नाही.

पनवेल, पेणच्या लोकांना तळ्यातल्या जिताड्याचं काय वेड आहे ते मी सांगायला नको. पण खाडीतला जो लढतो ना, त्याची सर नाही.

ऐरोलीचा_गरी

वा, एवढं सगळं अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. काका, पाय घासायचं काम आज संध्याकाळी करतो.

दोन शंका. एक, ताण किती ठेवायचा, म्हणजे ए बारीक असल्यामुळे जोरात ओढला तर तुटेल का? दुसरी, रंग. निळा घेताना एनसीपी घ्या असं लिहिलेलं दिसतं, साधा नायलॉन स्वस्त आहे.

गायमुख_गस्त

ताणाचं सोपं गणित असं की गाईडचे दोन्ही पाय बांधून झाल्यावर अंगठ्याने ढकलला तर गाईड किंचित सरकला पाहिजे. सरळ रेषेत आणायला ती सोय लागतेच, सगळे गाईड बांधून झाल्यावर मुठीकडून एका डोळ्याने बघत एकेक सरळ करायचा आणि मगच इपॉक्सी. अगदीच हलत नसेल तर ताण जास्त झाला, पातळ ग्राफाइटवर पायाचं टोक रुतू शकतं. हाताला मशीन नसेल तर रीळ एका कपात ठेवा, दोरा जाड डिक्शनरीच्या पानांमधून घ्या, वर अजून दोन पुस्तकं. वजन कमीजास्त करून ताण बदलतो. ए साठी एक पुस्तक कमी ठेवा इतकाच फरक.

शेवट करायला आठ-दहा वेढे राहिले की ब्रेडेड लाइनचा दुमडलेला तुकडा त्या वेढ्यांखाली घालून घ्यायचा, दोऱ्याचं टोक त्या फासात ओवून उलट खेचायचं. टोक वेढ्यांखाली जातं. कापताना नवं ब्लेड, जुनं नाही. राहिलेली लव स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून झटकन फिरवली की जळून जाते.

रेशीम_नौपाडा

लव जाळायचं आम्हीपण करतो, फक्त सॅटीनच्या रिबिनीच्या कडेला. आणि हात! हाताला क्रीम किंवा तेल असेल तर दोरा धरूच नका, डाग पडतो तो नंतर जात नाही. रॅप करायला बसायच्या आधी साबणाने हात धुणं हा नियम आमच्या घरात आहे, नवऱ्यालासुद्धा.

वाशी_विरार_नव्हे_वाशी

रंगावर मी. साधा नायलॉन इपॉक्सीत भिजला की गडद होतो, थोडा पारदर्शक होतो. तुमचा गडद निळा काळ्या ब्लँकवर काळाच दिसेल, फक्त उन्हात धरल्यावर निळी झाक. काही जणांना तेच आवडतं, मलाही आवडतं खरं तर. रंग रिळावर दिसतो तसाच हवा असेल तर दोन रस्ते: साध्या नायलॉनवर आधी कलर प्रिझर्व्हर, तो पूर्ण वाळवून मग इपॉक्सी, किंवा सरळ एनसीपी दोरा, ज्याच्यावर कारखान्यातच प्रक्रिया केलेली असते आणि रंग बसका, अपारदर्शक राहतो.

माझं मत एनसीपीच्या बाजूने कारण प्रिझर्व्हर जास्त लागला तर इपॉक्सी दोऱ्यात मुरत नाही, नुसती वर बसते. काकांनी वर जे एकजीव होण्याचं लिहिलंय ते मग होत नाही. पांढरा, पिवळा, केशरी साध्या नायलॉनमधे घेऊच नका.

चंदेरी पट्टीसाठी मेटॅलिक दोरा पण ए साइजचाच घ्या. मेटॅलिक कडक असतो, भिडवताना मागे सरकतो, चार-पाच वेढ्यांच्यावर पट्टी करू नका. जरीचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर खारी हवा आठवा, खरी जर काळी पडते.

सानपाडा_सकाळ

हे सगळं ठीक पण पावसाळ्याचं काय? माझा एक रॉड गेल्या जुलैपासून चिकट आहे. बोट लावलं की ठसा उमटतो.

मेकॅनिकल_काका_घणसोली

@सानपाडा, चिकट म्हणजे नक्की कसं ते महत्त्वाचं. वरचा थर तेलकट, मेणचट, पुसल्यावर खाली कडक, तर तो दमट हवेचा परिणाम. इपॉक्सीतला हार्डनर हवेतल्या पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया करतो, वर थर येतो, पांढुरकी झाक दिसते. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ फडका, पुसून पूर्ण वाळवा, ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा, दुसरा हात द्या.

ठसा उमटतोय म्हणजे मात्र आतपर्यंत मऊ आहे, ते मापाचं. दोन भाग समसमान घ्यायचे, दोन वेगळ्या सिरिंजने, आणि सिरिंज अदलाबदल कधीच नाही. सावकाश दोन-तीन मिनिटं ढवळायचं, कपाच्या कडेचं खरवडून आत घ्यायचं. नीट मिसळलेला नवा हात वरून दिला तर बहुतेक वेळा निभावतं.

पावसाळ्यात बांधायचंच असेल तर बंद खोलीत एसी दोन तास आधी लावून हवा कोरडी करा, इपॉक्सी वाळेपर्यंत तसाच ठेवा. आमच्या खाडीच्या बाजूला जुलै-ऑगस्टात उघड्या खिडकीत इपॉक्सी लावायची हिंमत मी करत नाही. तसंही यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, ते दोन महिने दोरा गुंडाळून ठेवावा आणि इपॉक्सी नंतर द्यावी हा माझा शिरस्ता. मधल्या काळात रॅपवर धूळ बसू नये म्हणून जुन्या पँटच्या पायात रॉड घालून ठेवतो.

दिवाळे_होडीवाला

बरोबर. आमचे पण जुनी दुरुस्ती पावसातच होते, नारळी पुनवेला नवीन रॉड पाण्याला लावायचा.

तुर्भे_टाइमपास

इपॉक्सी लावल्यावर रॉड फिरवत ठेवायला काय वापरता? हाताने चार तास फिरवायचा?

गायमुख_गस्त

मायक्रोवेव्हची ताटली फिरवणारी मोटर, मिनिटाला पाच-सहा फेऱ्या, तेवढ्याने काम होतं. मात्र त्या मोटरी वेगवेगळ्या व्होल्टेजच्या येतात, २३० व्होल्टची बघून घ्या आणि वायरिंग जाणकाराकडून करून घ्या. मुंबईला लोहार चाळीत गेलात तर गिअरवाली मोटरही मिळेल. बुडबुडे आले तर फुंकू नका, ज्योत लांबून एकदा फिरवा, वर येऊन फुटतात.

खाडी_आणि_पक्षी

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऐरोली पूल ते वाशी पूल हा ठाणे खाडीचा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसार यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) आला. दोऱ्याचे आणि ब्रेडेड लाइनचे तुकडे, कापलेला लीडर, काहीही काठावर टाकू नका कुठेच. चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांच्या पायात नायलॉन अडकतो, ओढला की आवळतो आणि पाय जातो. नायलॉन कुजत नाही. बॅगेत एक छोटी बाटली ठेवा, तुकडे त्यात. आणि गरवायची जागा अभयारण्याच्या बाहेरचीच निवडा.

ऐरोलीचा_गरी

@खाडी_आणि_पक्षी अगदी बरोबर, म्हणूनच घराजवळची खाडी सोडून उलवे-उरण. बाटलीची कल्पना घेतली.

तर मंडळी, रीळ यायच्या आधी एक करून पाहिलं. मित्राकडून ए आणि डी दोन्ही थोडे थोडे मागून आणले आणि मोडक्या रॉडच्या तुकड्यावर एकाच मापाचे दोन एका पायाचे गाईड बांधले, दोन्हीचे पाय घासून. इपॉक्सी दोन्हीवर दोन हात. ए सपाट काचेसारखा आला. डी वर अजून रेघा बोटाला लागतात. पायाच्या टोकाशी भिंगातून पाहिलं तर डी मधे दोन्ही बाजूंना बारीक पोकळी दिसते, ए मधे नाही. मग दोन्ही गाईडला लाइन बांधून मासळीच्या वजनकाट्याने १० किलोपर्यंत ओढलं. दोन्ही जागच्या जागी. त्याच्या वर ओढायला तुकडाच वाकून मोडेल अशी भीती वाटली म्हणून थांबलो.

तेव्हा ए, एनसीपी, गडद निळा. मुठीकडच्या दोघांना उरणवाल्यांनी सांगितलं तसा रॅप लांब. आता फक्त एवढं विचारायचंय, त्या दोन-पायांच्या गाईडखाली पण अस्तर रॅप द्यावा का? दिवाळे आणि काका दोघंही जड रॉडसाठी म्हणाले होते.

पवईचा_जुना

नको. ग्राफाइट, मीडियम हेवी. पायाची खालची बाजू नीट सपाट केलीत ना, मग पुरे.

मेकॅनिकल_काका_घणसोली

सहमत. द्यायचाच झाला तर फक्त सर्वात खालच्या गाईडला, ए मधेच, आणि तो शोभेसाठी समजा. त्याच्यापेक्षा एक करा, पायाच्या टोकाशी रॅप जिथे संपतो तिथे इपॉक्सी दोऱ्याच्या पुढे अर्धा मिलिमीटर ब्लँकवर जाऊ द्या. दोऱ्याची कड उघडी राहिली की खारं पाणी तिथूनच आत जातं.

आणि तो डी आलाय ना मित्राकडून, परत करू नका, दिवाळेंना विचारा लागतोय का.

दिवाळे_होडीवाला

लागतोय. रंग कुठला?

ऐरोलीचा_गरी

लाल. साधा नायलॉन आहे, एनसीपी नाही.

दिवाळे_होडीवाला

चालेल, माझा ब्लँक पांढरा हाय, गडद झाला तरी उठून दिसेल. रविवारी बेलापूर जेट्टीला ये, सकाळची भरती हाय, तुझा तपासणीचा तुकडा पण घेऊन ये, ती पोकळी मला भिंगातून बघायचीय.

रेशीम_नौपाडा

भिंग माझ्याकडे चांगलं आहे, दिव्याचं. नवरा येणारच आहे बेलापूरला, त्याच्याकडे देते.